एकतीसचा लेप

प्रतापराव सरनोबतांना रक्त चढवायचं नव्हतं, रक्तापासून केलेला लेप लावायचा होता. पण त्यांच्या गोतावळ्याला एवढा फरक कळत असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

त्या सकाळी सांगलीच्या त्यांच्या बंगल्यावर नुसती लगीनघाई होती. मोठ्या पातेल्यात मटण शिजत होतं, पांढऱ्या रश्श्यासाठी नारळाचं दूध काढून ठेवलं होतं आणि मंदाआत्या, म्हणजे प्रतापरावांची धाकटी बहीण, स्वतः उभ्या राहून तुपात शिरा परतत होत्या. बापूंच्या, म्हणजे प्रतापरावांच्या, आतड्याचं ऑपरेशन होतं आणि त्यांचा मुलगा रणवीर रक्त देणार होता. रक्त देणाऱ्याला आधी पोटभर जेवू घालायचं, ओवाळायचं, डोक्याला फेटा बांधायचा आणि मगच दवाखान्यात धाडायचं, अशी रीत या भागात हल्ली पडली होती. कुणी पाडली हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण रीत म्हटली की आपल्याकडे पाळणारा शहाणा ठरतो आणि कारण विचारणारा आगाऊ.

दवाखान्यातल्या नर्सने आदल्या दिवशी फोन करून बजावलं होतं की रक्त देणाऱ्याने तेल, तूप, मटण यांतलं काहीही खायचं नाही, हलकं खाऊन यायचं. मंदाआत्यांनी फोन ठेवला आणि नाक मुरडलं. "रक्त द्यायला जाणाऱ्या पोराला उपाशी धाडतंय का कोण? त्यांना काय कळतंय," असं म्हणून त्यांनी शिऱ्यात आणखी एक पळी तूप सोडलं.

हे सगळं बापूंची मुलगी जुई मागच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती रणवीरपेक्षा मोठी, एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. नर्सचं ऐका, असं तिने एकदा सांगून पाहिलं होतं. आत्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हातात बिनदुधाचा चहा होता आणि शेजारी दोन केळी. तिला आत पंगतीत बसता येत नव्हतं, कारण रक्त देणाऱ्याच्या पंगतीला पन्नासच्या खालचं माणूस चालत नाही, हाही त्याच रितीचा भाग होता. जुई एकतीस होती.

एकतीस हे तिचं वय नव्हतं. ते काय होतं हे सांगायचं तर आधी त्या लेपाचं सांगायला हवं.

आपल्या रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक तुकडे फिरत असतात. कुठे कापलं की ते तिथे धावतात, एकमेकांना चिकटून भोक बुजवतात आणि मग फुटून आतला माल बाहेर सोडतात. तो माल म्हणजे आजूबाजूच्या पेशींना मिळालेला निरोप असतो, की वाढा, जोडले जा, नव्या रक्तवाहिन्या आणा. रक्त यंत्रात गरागरा फिरवलं की लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं आणि मधल्या पातळ थरात हे प्लेटलेट सापडतात. ते गोळा करून त्यांत थोडं कॅल्शियम घातलं की मऊ, चिकट लेप तयार होतो. हाडांच्या आणि दातांच्या डॉक्टरांना हे पूर्वीपासून माहीत होतं. आतड्याचं काम मात्र अवघड. हाताचं हाड मोडलं तर हात गळ्यात बांधता येतो, आतडं कशात बांधणार? त्यातून घाण वाहतच राहते. जोडाला सुईच्या टोकाएवढी फट पडली तरी ती घाण पोटात उतरते आणि माणूस जातो. म्हणून मधला रोगट भाग कापून दोन टोकं शिवली की त्या शिवणीवर भोवताली हा लेप लावायचा, अशी नवी पद्धत आली. मधुमेही म्हाताऱ्यांचे स्वतःचे प्लेटलेट मरगळलेले असतात, तेव्हा ते रक्ताच्या जवळच्या नातेवाइकाकडून घ्यायचे. परक्याचा लेप शरीर लवकर उडवून लावतं, मुलाचा किंवा मुलीचा असेल तर थोडे दिवस चालवून घेतं.

लेप कुणाचा किती घट्ट बसतो आणि किती माल सोडतो, हे यंत्र प्रकाशाच्या झोतात पाहून शून्य ते शंभरात सांगायचं. या आकड्याला नाव पडलं भरणांक. सर्जनला तो एवढ्यासाठीच हवा असायचा की लेप जाड लावायचा की पातळ. यापलीकडे त्याला काडीचा अर्थ नव्हता. पण आकडा दवाखान्यातून बाहेर पडला आणि आपल्या लोकांच्या हाती लागला. कॉलेजांतून शिबिरं झाली. वधुवर मंडळांना तर घबाडच सापडलं. रास, नाडी, उंची, पगार यांच्या खाली भरणांक आला आणि बघता बघता सगळ्यांच्या वर जाऊन बसला. हा मान सगळ्यात आधी मिळवला तो बापू सरनोबत अध्यक्ष असलेल्या मंडळाने. पन्नासच्या वरच्यांचा मेळावा सकाळी वातानुकूलित सभागृहात व्हायचा आणि पन्नासच्या खालच्यांचा दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये. जी वस्तू शरीरात धड दहा दिवस जगत नाही तिच्यावरून माणसाची जन्माची किंमत ठरवायची, हे शहाणपण या मंडळींना कुणी शिकवावं लागलं नाही.

रणवीर ब्याण्णव होता. त्याने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं आणि त्याला कुणी करूही दिलं नव्हतं. जुईची तपासणी झाली ती कॉलेजच्या शिबिरात, नुकत्याच येऊन गेलेल्या डेंग्यूनंतर. डेंग्यूत प्लेटलेट धुऊन निघतात आणि नवे येतात ते कच्चे, हे शिबिरातल्या मुलीलाही माहीत होतं. महिन्याने परत ये, असं तिने सांगितलं होतं. बापूंनी जाऊ दिलं नाही. अध्यक्षाच्या मुलीचा आकडा दोनदा काढला तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे कराडच्या एका मुलाशी तिचं जमलं, साड्यासुद्धा घेऊन झाल्या, आणि मग मुलाच्या वडिलांनी पत्रिका नीट वाचली. ते लग्न मोडायला आले तेव्हा जुई दाराआड उभी होती. बापू त्यांच्याशी भांडतील असं तिला वाटलं होतं. बापू म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. तुमच्या जागी मीही हेच केलं असतं." त्या दिवसापासून तिला बापूंबद्दल जे वाटत होतं त्याला तिने रागाचं नाव कधी दिलं नाही. राग निवळतो. हा तिरस्कार होता आणि तो तिने नीट सांभाळला होता.

बापूही काही कमी नव्हते. घरात ते तिला थट्टेने एकतीसच म्हणायचे. एकतीस, चष्मा दे. एकतीस, पेपर आला का?

तर रणवीरला ओवाळून झालं, फेटा बांधून झाला, शिऱ्याची तिसरी वाटी त्याच्या पोटात गेली आणि आपली आपण चालणारी मोठी गाडी सगळ्यांना घेऊन मिरजेच्या दवाखान्यात पोचली. जुई बसने मागून आली. बापूंना आत नेलं होतं. जाता जाता त्यांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर रेहाना मुजावरांना बजावलं होतं की काही झालं तरी पोटावर पिशवी लावून घेणार नाही. जोडाचा भरवसा नसला तर सर्जन आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि त्याला पिशवी लावतात, काही महिने शौच त्या पिशवीत होतं. पुष्कळ माणसं पिशवी लावून कामाला जातात, व्यवस्थित जगतात. पण बापू सरनोबत व्यासपीठावर बसणारे गृहस्थ. पिशवी लावलीत तर घरी जाऊन विहीर जवळ करीन, असं ते म्हणाले होते, आणि बापू अशा बाबतीत बोलल्याप्रमाणे करणारे होते.

रणवीर खुर्चीत आडवा झाला. हातात सुई गेली, यंत्र फिरू लागलं. इकडे आतमध्ये डॉक्टर मुजावरांनी पोट उघडून आतड्यातली गाठ काढायला घेतली, कारण लेप ताजा लागतो, तो हाती येईपर्यंत कापण्याचं काम उरकायचं असतं. मंदाआत्या बाहेर रणवीरचे फोटो काढून मंडळाच्या लोकांना पाठवत होत्या. फेट्यासकट.

मग यंत्र थांबलं. वरच्या पिशवीत पिवळसर, आरपार दिसणारं पाणी यायला हवं होतं. तिथे खिरीसारखं दाट पांढरं काहीतरी जमलं होतं. सकाळचं तूप, मटण आणि नारळाचं दूध रणवीरच्या रक्तात जसंच्या तसं तरंगत होतं. यंत्राचा प्रकाश त्यातून पलीकडे जाईना आणि त्याचा लेपही बसेना. पडद्यावर ब्याण्णव नाही, नव्वद नाही, आकडाच आला नाही.

डॉक्टर मुजावरांचा सहायक बाहेर आला आणि घरातलं जवळचं दुसरं कोण आहे असं विचारू लागला. दोघे चुलतभाऊ पुढे झाले. सकाळी काय खाल्लं, असं त्याने विचारलं तेव्हा ते एकमेकांकडे पाहू लागले. तेही पंगतीत होते. अख्खं खानदान पंगतीत होतं.

मंदाआत्यांनी तोडगा काढला. त्यांचं म्हणणं, दुपारपर्यंत थांबा, तोवर पोराचं पचेल. सहायक आत गेला आणि थोड्या वेळाने स्वतः डॉक्टर मुजावरच दारात आल्या, हात वर धरून, कुणालाही न शिवता. त्या दमलेल्या दिसत होत्या.

"पोट उघडं टाकून मला दुपारपर्यंत बसता येणार नाही," त्या म्हणाल्या. "या वयात, एवढ्या साखरेत, लेपाशिवाय जोडाचा भरवसा मी धरणार नाही. दुसरं कुणी नसेल तर मी पिशवी लावते. माणूस जिवंत राहील."

"मुलगी आहे," सहायक म्हणाला. त्याने जुईकडे बोट केलं.

"तिचं नको," मंदाआत्या लगेच म्हणाल्या. "तिचं एकतीस हाय. त्यापेक्षा पिशवी परवडली."

जुई भिंतीला टेकून उभी होती. ती काही बोलली नाही तरी चाललं असतं. त्यांच्याच नियमाने ती या हिशेबात नव्हती, तिला कुणी बोल लावला नसता. पिशवी लावलेले बापू तिच्या डोळ्यांपुढे आले. मंडळाच्या सभेत ते बोलायला उठतात, शालीखाली पिशवी गुरगुरते, पहिल्या रांगेतले ब्याण्णव आणि पंच्याऐंशी नाकाला रुमाल लावतात. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. मग तिला विहीर आठवली. आणि लहानपणी स्कूटरवर पुढे उभं करून एकोणतीसचा पाढा तिच्याकडून म्हणवून घेणारे, चुकली की हॉर्न वाजवणारे बापूही आठवले. त्यांनी स्वतःला काही करून घेतलेलं तिला बघवलं नसतं. एवढा जपून ठेवलेला तिरस्कारही तिथे पुरा पडेना, याचीच तिला चीड आली.

"माझं घ्या," ती डॉक्टरांना म्हणाली. मग आत्यांकडे वळली. "मी सकाळी दोन केळी आणि काळा चहा घेतलाय. तुम्ही पंगतीत बसू दिलं नाहीत ते बरं झालं, आत्या."

डॉक्टर मुजावर एव्हाना आत गेल्याही होत्या.

यंत्र पुन्हा फिरू लागलं. जुईच्या पिशवीत पातळ, पिवळं, स्वच्छ पाणी जमू लागलं. यंत्र चालवणारा मुलगा पडद्याकडे बघत होता. त्याने बघता बघता भुवया उंचावल्या आणि आपणहून सांगून टाकलं, "मॅडम, सत्त्याऐंशी."

जुईला वाटलं, हा पडदा उचलावा, बाहेर न्यावा, आत्यांच्या तोंडासमोर धरावा, कराडला न्यावा. इतकी वर्षं ज्या आकड्याची तिने वर्गात पोरांसमोर टर उडवली होती, एका दिवसाच्या मोजमापावरून कुणाचं काही ठरत नाही हे त्यांना शंभर वेळा समजावलं होतं, तोच आकडा आपल्या बाजूने आला म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आत्यांची तिला किळस होती, मंडळाची होती, पण त्या क्षणी सगळ्यात जास्त किळस तिला स्वतःची आली. ती त्या मुलाला म्हणाली, हा आकडा आत डॉक्टरांना कळव आणि दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

ऑपरेशन झालं. पिशवी लागली नाही. डॉक्टर मुजावर नंतर जुईला कोपऱ्यात भेटल्या तेव्हा तिने त्यांनाही तेच सांगितलं, आकडा कुणाला सांगू नका. डॉक्टर हसल्या. आकड्याला एवढं धरून बसू नका, असं त्या म्हणाल्या. आतड्याला रक्त नीट पोचत होतं, टाक्यांवर ताण नव्हता, हे खरं कारण. लेप मदतीला असतो. मग त्यांनी तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

आतड्याच्या ऑपरेशननंतर जोड चालू झाला की नाही हे एका साध्या गोष्टीवरून कळायला लागतं. पेशंटच्या पोटातला वारा सरला पाहिजे. तोवर तोंडाने काही मिळत नाही. त्यामुळे पुढचे दिवस सरनोबतांचं सबंध प्रतिष्ठित घराणं एका पादाची वाट पाहत बसलं. फोनवर फोन येत होते. मंडळाचे चिटणीस विचारायचे, काही शुभवार्ता? मंदाआत्या हळू आवाजात सांगायच्या, अजून नाही. आणि एका सकाळी ती वार्ता आली, शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू येईल अशी. आत्यांनी हात जोडले आणि रणवीर पेढे आणायला धावला.

संध्याकाळी खोलीत मंडळाची माणसं जमली. बापू उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला, पण मिशी विंचरलेली. लेप कुणाच्या रक्ताचा लागला हे आत्यांनी त्यांना सांगितलं नव्हतं. धक्का बसेल, असं कारण होतं. रणवीरने तर सांगायचा प्रश्नच नव्हता. तो पलंगाच्या उशाशी उभा राहून हार घालून घेत होता आणि मंडळातल्या एका बाईंना आपल्याला सुईचं काही वाटत नाही असं सांगत होता. जुईने वडिलांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिने आधी बोलायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण या लोकांपुढे आपली बाजू मांडायची म्हणजे त्यांना न्यायाधीश मानणं आलं, आणि तेवढा मान तिला त्यांना द्यायचा नव्हता.

"सरनोबतांचं रक्त आहे," बापू क्षीण आवाजात म्हणाले आणि त्यांनी मुलाचा हात धरला. "ब्याण्णव म्हणजे चेष्टा नाही."

तेवढ्यात डॉक्टर मुजावर तपासायला आल्या. चिटणिसांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि अदबीने विचारलं की पुढच्या मेळाव्यात या ब्याण्णवच्या किमयेवर तुम्ही दोन शब्द बोलाल का. डॉक्टरांना पटकन अर्थबोध झाला नाही. झाला तेव्हा त्यांनी पेढा टेबलावर ठेवला.

"त्यांचं रक्त आम्ही टाकून दिलं," त्या रणवीरकडे बघत म्हणाल्या. "त्यात तूप होतं. लेप मुलीच्या रक्ताचा आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

हे बोलताना त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. चिटणीस आपल्या चपलांकडे पाहू लागले. रणवीरने गळ्यातला हार हळूच काढला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मंदाआत्या पदराने कपाळ पुसत राहिल्या.

बापूंनी मान वळवून जुईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जुईला कळलं की आपण वाट पाहतो आहोत. इतकं सगळं झाल्यावर, इतक्या वर्षांनी, हा माणूस आता काय म्हणेल याची आपण श्वास धरून वाट पाहतो आहोत. नुसतं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. जुई, एवढंच.

"किती आला?" बापूंनी विचारलं.

त्यांच्या डोळ्यांत आशा होती. चांगला आकडा आला असेल तर ते आत्ता, इथे, मंडळासमोर तिला मुलगी म्हणायला तयार होते, हे तिला स्पष्ट दिसलं. चिटणिसांनीही मान वर केली होती. डॉक्टर मुजावर तिच्याकडे बघत होत्या, आणि काही बोलत नव्हत्या.

"एकतीस," जुई म्हणाली.

बापूंचा हात आपोआप पोटावर गेला, पट्टीच्या वर, आणि तिथे तसाच राहिला. डॉक्टरांनी तो हात अलगद बाजूला केला, सदरा वर सरकवला आणि जोडाच्या जागी चार बोटांनी दाबून पाहिलं.

"दुखतंय का?"

बापूंनी नाही म्हणून मान हलवली. जुईने पर्स उचलली, आत्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि ती बाहेर पडली.